पाण्याच्या पायऱ्या

आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या नकाशात डोंगर आहेत, किल्ले आहेत, लेणी आहेत, तीर्थक्षेत्रे आहेत. नाही तो फक्त समुद्र. बालाघाटच्या माथ्यावर उभे राहून चहूकडे नजर फिरवावी, तर क्षितिजापर्यंत ज्वारी-तुरीची शेते आणि त्यांच्यामधून गेलेल्या गाडीवाटा. मांजरा, तेरणा, सीना, बोरी या आमच्या नद्या. पावसाळ्यात त्या कधी काठ भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याच पात्रात मुले विटीदांडूचा डाव मांडतात. अशा मुलखात जन्मलेल्या आणि सारी हयात शाळेत घालविलेल्या माझ्यासारख्या मुख्याध्यापकाला शिडाच्या नौकांचे वेड असावे, याचे पुष्कळांना नवल वाटते. मला मात्र वाटत नाही. ज्याच्या अंगणाशी समुद्र असतो, त्याला त्याची सवय होऊन जाते; ज्याला तो पुस्तकातच भेटतो, त्याच्या मनात तो अखंड गर्जत राहतो.

शिवाय आम्ही समुद्राला अगदीच परके नाही. आमच्या जिल्ह्यातील तेर या गावाचे प्राचीन नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासग्रंथात या तगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाते, असे त्यात म्हटले आहे. भडोचहून ते गलबतांत चढे आणि वाऱ्याच्या बळावर तांबड्या समुद्राकडे जाई. म्हणजे तेरच्या विणकराने हातमागावर विणलेले वस्त्र समुद्र ओलांडीत होते आणि तो बिचारा मात्र तेरणेच्या काठीच बसून होता. माझीही तीच गत. मी कधी नौकेत पाऊल ठेवले नाही. पण दर्यावर्दींनी लिहून ठेवलेले वाचीत वाचीत मी मनाने पुष्कळ दूर जाऊन आलो आहे.

या वाचनात एक गोष्ट मला प्रथम कळली, तेव्हा माझा ऊर भरून आला. कोठेही न थांबता, एकट्याने, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज खलाशी. परंतु त्यांची 'सुहैली' ही नौका कोठे बांधली गेली होती, ठाऊक आहे? आपल्या मुंबईत! अवघी बत्तीस फुटांची ती नौका भारतीय सागवानाची होती, आणि वाकस-सामत्यासारखी पिढीजात हत्यारे चालविणाऱ्या इथल्याच सुतारांनी ती घडविली होती. १४ जून १९६८ रोजी ती इंग्लंडच्या फालमथ बंदरातून शर्यतीसाठी निघाली. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. कोणाची नौका मोडली, कोणाचा धीर मोडला. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, शर्यत पुरी करून परत आली ती एकटी सुहैली.

या प्रवासात एका वादळानंतर सुहैलीच्या टाक्यांतील पिण्याचे पाणी नासून गेले. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी धरून साठविले आणि त्यावर पुढचे महिने काढले. हे वाचले आणि तो सातासमुद्रांपलीकडचा खलाशी मला एकदम आमच्या गावचाच वाटू लागला. पन्हाळीखाली हंडा-कळशी मांडून आभाळाकडे पाहत बसणे आम्हांला काही नवे नाही.

याच नॉक्स-जॉन्स्टन यांनी पुढे सामान्य माणसांसाठी जगाभोवतीची एक शर्यत सुरू केली. 'क्लिपर' या नावाची ही शर्यत १९९६ मध्ये प्रथम निघाली. प्रत्येक नौकेवर कप्तान आणि त्याचा साहाय्यक तेवढे कसलेले असतात. बाकीची मंडळी शिक्षक, परिचारिका, शेतकरी, कारकून अशी कोणीही असतात. त्यांतील कित्येकांनी शिकवणीपूर्वी शिडाला हातही लावलेला नसतो. या शर्यतीच्या मार्गात पनामाचा कालवा येतो. मला सांगायचे आहे ते त्या कालव्यातील दिवसाविषयी. परंतु कालव्यात शिरण्यापूर्वी नौकेवरचा रोजचा संसार कसा असतो, हे पाहिले पाहिजे. नाही तर त्या दिवसाची गोडी कळणार नाही.

नौका सुमारे सत्तर फूट लांबीची. शाळेच्या तीन वर्गखोल्या एका ओळीत ठेवल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढी. रुंदी मात्र जेमतेम एका खोलीची. एवढ्या जागेत वीसएक माणसे आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांचे दोन गट केलेले असतात. एक गट वर शिडे आणि सुकाणू सांभाळतो, तेव्हा दुसरा खाली झोपतो. मग पाळी बदलते. एकाने सोडलेल्या फळीची ऊब जाण्यापूर्वी दुसरा तिच्यावर आडवा होतो. नौका वाऱ्याने सदा एका अंगावर कललेली. झोपणाऱ्याने गडगडू नये म्हणून फळीला कठडा असतो. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. नौका कितीही कलली तरी भांडे सपाट राहावे, ही त्यातली युक्ती. भोवती जिकडेतिकडे पाणी, पण पिण्याजोगे थेंबभर नाही. खारे पाणी गोडे करणारे यंत्र नौकेवर असते खरे. तरी ते केव्हा रुसेल याचा नेम नाही, म्हणून गोडे पाणी मोजूनच वापरतात. आंघोळीची चैन पाऊस आला तरच. सर आली की मंडळी साबण घेऊन वर धावतात, आणि अंगाला पुरता फेस झाला की सर हमखास थांबते, असे एका दर्यावर्दीने मोठ्या खेदाने लिहिलेले मी वाचले आहे.

आणि हे सारे कशासाठी? पुढे जाण्यासाठी. वाऱ्याची एकही झुळूक वाया दवडायची नाही. मध्यरात्री वारा फिरला तर मध्यरात्री शिडे बदलायची. दूर क्षितिजावर दुसऱ्या नौकेचा दिवा दिसला की थकलेल्या अंगातही बळ येते.

अशा रीतीने पॅसिफिक महासागरातला टप्पा संपवून या नौका पनामापाशी येतात, तेव्हा समोर आडवी असते ती अमेरिका खंडाची चिंचोळी कंबर. पलीकडे अटलांटिक महासागर. मध्ये अवघी ऐंशी किलोमीटर जमीन. हा कालवा होण्यापूर्वी गलबतांना दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या वादळी भूशिराला वळसा घालून जावे लागे. न्यूयॉर्कहून सान फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या जहाजाचा सुमारे तेरा हजार किलोमीटरांचा फेरा या कालव्याने वाचविला.

ती जुनी वाट आजही खुली आहे, आणि पराक्रमी माणसे ती मुद्दाम निवडतात. आपल्या नौदलातील कमांडर दिलीप दोंदे हे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि कोणत्याही कालव्याचा आधार न घेता, मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या तयारीला नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन लाभले होते. पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' नौकेतून, आणि २०२४-२५ मध्ये त्याच नौकेतून दोघींनी, अशीच प्रदक्षिणा केली. त्या वाटेवर कसोटी लागते ती छातीची. कालव्याच्या वाटेवर मात्र वेगळ्याच गुणांची कसोटी लागते.

हा कालवा सहजासहजी झालेला नाही. सुएझचा कालवा पार पाडणारे फ्रेंच मुत्सद्दी लेसेप्स यांनी १८८१ मध्ये येथे काम सुरू केले. सुएझची जमीन सपाट होती. येथे डोंगर, दाट अरण्य, पूर आणि त्याहून भयंकर असे डास. हिवताप आणि पीतज्वर यांनी हजारो मजूर दगावले आणि १८८९ मध्ये काम बंद पडले. पुढे १९०४ मध्ये अमेरिकेने ते हाती घेतले. मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती, आणि ती आपल्या शेजारी घडली होती. आपला जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. त्या राजधानीलगतच्या सिकंदराबादेत १८९७ साली डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले आणि हा ताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध होण्याचा मार्ग मोकळा झाला. रोग कोठून येतो हे कळल्यावर पनामात डबकी बुजविली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतले, खिडक्यांना जाळ्या लावल्या. तेव्हा कोठे माणसे टिकली आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला.

आता कालव्याची करामत ऐका. डोंगर समुद्राच्या पातळीपर्यंत खणून काढणे अशक्य होते. म्हणून अभियंत्यांनी निराळीच युक्ती केली. चाग्रेस नावाच्या नदीवर धरण बांधून त्यांनी गातून नावाचे प्रचंड तळे निर्माण केले. समुद्राच्या पातळीपेक्षा हे तळे सुमारे सव्वीस मीटर उंच आहे. म्हणजे नौकेला आठ मजली इमारतीएवढे वर चढायचे, तळे ओलांडायचे आणि पलीकडे तितकेच खाली उतरायचे! नौका जिना कसा चढणार? आपल्याकडची एखादी जुनी बारव डोळ्यांपुढे आणा. बारवेत पाणी जागच्या जागी असते आणि माणूस पायऱ्यांनी उतरतो. पनामात माणूस जागच्या जागी उभा राहतो आणि पाणीच पायरी होते. सुमारे तीनशे मीटर लांबीची एक दगडी वाटावी अशी काँक्रीटची कोठी असते; तिला जलपाश म्हणतात. नौका आत गेली की मागची अजस्र लोखंडी कवाडे मिटतात. वरच्या तळ्याचे पाणी तळाच्या भोकांतून आत सोडतात. आठ-दहा मिनिटांत कोठी भरते, नौका वर येते, पुढची कवाडे उघडतात आणि नौका वरच्या कोठीत जाते. आश्चर्य असे की, या कामाला पंप लागत नाही. उंचावरचे पाणी सखलाकडे धावते, या त्याच्या स्वभावाचाच उपयोग केलेला आहे. पॅसिफिककडून येणाऱ्या नौकेला अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात आणि अटलांटिकच्या बाजूला तीन उतराव्या लागतात.

या दिवशी शर्यतीचे घड्याळ बंद असते. शिडे गुंडाळून बांधलेली असतात, कारण कालव्यात शिडावर चालण्यास मनाई आहे. जावे लागते ते यंत्राच्या बळावर. पहाटेच कालव्याचा वाटाड्या नौकेवर चढतो. त्याला गरम जेवण आणि बंद बाटलीतले पिण्याचे पाणी दिलेच पाहिजे, असा रिवाज आहे. हे वाचून मला हसू आले. पाहुण्याला आधी पाणी, मग जेवण. कोठेही जा, रीत तीच!

मग येते ती मला सर्वांत आवडलेली गोष्ट. अशा लहान नौका कोठीत एकेकट्या भरकटू नयेत म्हणून दोन-दोन, तीन-तीन नौका शेजारी शेजारी घेऊन एकमेकींना दोरांनी घट्ट बांधतात. काल-परवापर्यंत ज्या एकमेकींना मागे टाकण्यासाठी रात्रीचा दिवस करीत होत्या, त्याच आता गळ्यात गळा घालून चालू लागतात. बहुधा मधली नौका यंत्र चालविते आणि कडेच्या नौका भिंतीकडचे दोर सांभाळतात. भिंतीवरचे कामगार टोकाला मुठीएवढी गाठ असलेली बारीक दोरी नेमकी नौकेवर फेकतात. खलाशी तिला जाड दोरखंड बांधतात, कामगार तो वर ओढून खुंट्याला अडकवितात. दोन दोर उजव्या भिंतीला, दोन डाव्या. चार कोपऱ्यांवर चार माणसे. मग पाणी सुटते. पायाखाली उकळी फुटावी तसे ते खळाळते. नौका वर येऊ लागते तसतसा दोर सैल पडतो, आणि तो क्षणोक्षणी आवळून घ्यावा लागतो. उतरताना याच्या उलट; दोर वितीवितीने सोडीत जावा लागतो. चौघांपैकी एकाचे जरी लक्ष उडाले, तरी तिन्ही नौका तिरप्या होऊन भिंतीवर आदळायच्या. या कामात शूर कोण, वेगवान कोण, याला किंमत नाही. जो आपला दोर ना सैल ना ताठ असा धरून उभा राहतो, तो खरा.

सोबतीला पुष्कळदा एखादे प्रचंड मालवाहू जहाज असते. चढताना जहाज पुढे आणि नौका मागे, उतरताना नौका पुढे आणि जहाज मागे, असा क्रम. घाई कोणी करायची नाही. आपली पाळी येईपर्यंत नांगर टाकून थांबायचे.

तिसरी पायरी चढली की डोंगर कापून केलेली अरुंद वाट लागते, आणि ती संपली की गातूनचे विशाल तळे. धरण झाले तेव्हा येथील खेडी पाण्याखाली गेली, टेकड्यांची माथी तेवढी बेटे होऊन राहिली. काही ठिकाणी बुडालेल्या अरण्यातील झाडांचे खुंट अजून पाण्यातून डोकावतात. कधी कधी नौकांना रात्र येथेच काढावी लागते. महिनोन्महिने डोलणारी नौका येथे निश्चल उभी राहते. पहाटे किर्र झाडीतून वानरांची आरोळी घुमते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, वाघच डरकाळला! चहूकडे गोडे पाणी असते, पण मगरींच्या भीतीने त्यात कोणी पोहत नाही. त्या पाण्याचा एक गुण मात्र सर्व नाविक सांगतात: खाऱ्या पाण्यात नौकेच्या बुडाला चिकटलेले शिंपले-शेवाळ या गोड्या पाण्यात जगत नाही.

हे गोडे पाणी येते कोठून? केवळ पावसातून. एक मोठे जहाज एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाते, तेव्हा जुन्या जलपाशांतून सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात वाहून जाते. याच तळ्यातून पनामाच्या मोठ्या शहरांना पिण्याचे पाणीही मिळते. २०२३ मध्ये तेथे पाऊस फार कमी झाला. तळे खाली गेले. एरवी दिवसाला छत्तीसच्या आसपास जहाजे जात. ती संख्या कमी करीत करीत डिसेंबर २०२३ मध्ये बावीसवर आणावी लागली. शंभराहून अधिक जहाजे दोन्ही समुद्रांत रांग लावून उभी राहिली. सोन्याने भरलेले जहाज असले तरी काय! आभाळातून पाणी पडल्याखेरीज पायरी होत नाही.

ती बातमी मी वाचली आणि मला १९७२ साल आठवले. तेव्हा मी तुमच्याच वयाचा होतो. विहिरींना तळ दिसू लागला होता. आमच्या वाड्याची विहीर खोल. तळाच्या कपारीतून वाटीभर पाणी पाझरे. ते भरून घ्यायला अंगाने हलके मूल लागे, म्हणून मला कमरेला दोर बांधून खाली सोडीत. वर काठावर माझे आजोबा दोर धरून उभे असत. मी खाली वाटीने कळशी भरीत बसे आणि वर पाहिले की आभाळाचा लहानसा गोल तुकडा आणि त्यात आजोबांचे डोके दिसे. दोर त्यांनी कधी ताठ ओढला नाही, की कधी सैल सोडला नाही. "घाई करू नकोस रे, मी हाय हितं," एवढेच ते म्हणत. वर आलेल्या कळशीचे पाणी आळीतील पाच घरांत वाटले जाई. आधी कोणी घ्यायचे याचा क्रम ठरलेला होता आणि तो क्रम मोडलेला मी एकदाही पाहिला नाही.

त्या वर्षी गावातील सारी मोठी माणसे दुष्काळी कामावर पाझर तलाव बांधीत होती. सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खाऊन त्यांनी माती वाहिली. पुढच्या पावसाळ्यात त्या तलावात पहिले पाणी आले, तेव्हा सारा गाव पाहायला लोटला. कोणी ओरडले नाही, कोणी उड्या मारल्या नाहीत. माझी आजी काठाशी वाकली, तिने ओंजळभर पाणी उचलून डोळ्यांना लावले आणि ते पुन्हा तलावातच सोडले. एक थेंबही तिने जमिनीवर सांडू दिला नाही.

पाणी अडविण्याचे मोल आमच्या मुलखाला पूर्वीपासून ठाऊक आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदीवर दगडी बंधारा घातला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळू लागले की त्यांचे तुषार अंगावर घ्यायला आजही माणसे गर्दी करतात. गातूनचे धरण काय, आमचा बंधारा काय, की आमच्या गावचा पाझर तलाव काय! पाण्याला थांबविल्याशिवाय ते माणसाला वर उचलीत नाही.

म्हणून मला वाटते की, त्या शर्यतीतील नाविकांना महासागर जे शिकवितो, त्याहून वेगळा धडा हा एक दिवस शिकवितो. महासागरावर ते पुढे जायला शिकतात. कालव्यात ते थांबायला, पाळी पाळायला आणि दुसऱ्यासाठी दोर धरून उभे राहायला शिकतात. दोन्ही विद्या लागतात. नुसते थांबणाऱ्याचा प्रवास होत नाही आणि नुसते धावणाऱ्याला जलपाशाची कवाडे उघडत नाहीत.

शेवटची पायरी उतरली की अखेरची कवाडे हळूहळू दुभंगतात. गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळून घुसळते. समोर अटलांटिकचा कॅरिबियन समुद्र. नौका एकमेकींचे दोर सोडतात, खलाशी हात हलवून निरोप घेतात, दोरखंडांची वेटोळी करून ठेवतात. थोड्याच दिवसांत पुन्हा शर्यत सुरू होईल आणि पुन्हा त्या एकमेकींना मागे टाकू पाहतील. त्यांना डोंगरावर चढवून उतरविणारे पाणी मात्र परत वर जात नाही. ते समुद्राला मिळून जाते आणि वरचे तळे पुढच्या पावसाची वाट पाहू लागते. ही वाट पाहणे म्हणजे काय असते, हे आमच्या धाराशिवच्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.